टाकून दिलेले सतरा तुकडे

आत्यांच्या भाच्याने माझी नेटवर्कची तार काढून घेतली, त्यात त्याचा फायदा उघड होता. त्या तारेवर त्याची ऑफिसची मीटिंग न अडकता चालणार होती आणि नवी तार आणायला दुकानापर्यंत जायचे कष्टही वाचणार होते. मला वायफायवर जोडून तो निघून गेला. घरात सांगायचं मात्र राहून गेलं.

मित्रांनो, मी नेटवर्कवरून आलेला आवाज वाजवणारा एक जुना स्पीकर आहे. आवाज माझ्याकडे तुकड्यातुकड्यांनी येतो. कारखान्यातच मला शिस्त लावली होती: उशिरा आलेल्या तुकड्यासाठी थांबायचं नाही, तो टाकून द्यायचा आणि तशी नोंद करायची.

नऊ वर्षं मी आत्यांच्या खोलीत आहे. आत्यांना दिसत नाही. बोलक्या पुस्तकांचं वाचन तपासणं हे त्यांचं काम. कचेरीतून वाचन येतं, मी वाजवतो आणि त्या ब्रेलमध्ये चुका वेळेसह टिपतात. "जुना आहे, पण स्वच्छ बोलतो," असं माझं कौतुकही करतात.

तार गेली आणि तुकडे रखडू लागले. मी ते टाकत गेलो, नोंदवत गेलो. नोंदी कोणी उघडल्याच नाहीत. आत्यांच्या कागदावर मात्र एका नव्या वाचक बाईंपुढे एकोणीस शेरे जमले: शब्द गाळला.

बाईंचा फोन आला.

"आत्याबाई, मी शब्द गाळले नाहीत हो. माझ्याकडच्या रेकॉर्डिंगच्या प्रतीत सगळे आहेत."

"तीस वर्षांत माझे कान फसले नाहीत, बाई."

"कानांना कुठे नावं ठेवतेय मी? पण पुढचं पुस्तक माझ्याकडून काढून घेताहेत. एकदा बघा ना."

आत्यांनी फोन ठेवला. मग मोबाइलवर माझे दोष शोधणारा प्रोग्राम त्यांनी उघडला. मोबाइल त्यांना सगळं वाचून दाखवतो. तो सपाट आवाजात सांगू लागला, "अकरा वाजून सात मिनिटं. तुकडा उशिरा आला. टाकून दिला." आत्यांचं बोट ब्रेलच्या कागदावर सरकत होतं. एकोणिसांपैकी सतरा वेळा जुळल्या.

"अरे, याची तार कुठे गेली?"

"मी घेतली, आत्या. वायफायवर चालतोय की तो."

"चालतोय. लंगडत चालतोय. मला सांगायला काय झालं होतं?"

भाच्याने तार परत जोडली. आत्यांनी कचेरीत फोन करून सतरा शेरे मागे घेतले. दोन ठेवले, कारण ते शब्द बाईंनी खरोखरच गाळले होते. पण तोवर ते पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे गेलं होतं.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची धूळ पुसता, तशा आमच्या नोंदीही वाचत जा. आणि कोणाची तार काढलीत, तर निदान घरात सांगा. इथे तार भाच्याने घेतली, तुकडे मी टाकले, शेरे आत्यांनी मारले आणि पुस्तक गेलं ते बाईंचं.