टाकीवरचा फेस

संघपाल गुरुजींनी टाकीत हात घातला आणि पांढरं पोट वर करून तरंगणारा मासा बाहेर काढला. मग दुसरा. तिसऱ्याकडे गेलेला हात तसाच पाण्यात राहिला. एकही हलत नव्हता.

काल संध्याकाळी हेच मासे काचेला तोंड लावून पोरांकडे बघत होते. आलापल्लीपलीकडच्या या लहानशा शाळेच्या अंगणात, निवृत्तीनंतरही शिकवायला येणाऱ्या गुरुजींनी हौसेनं टाकी बांधून घेतली होती. तीन बाजूंना सिमेंट, पुढे काच. मासे बुधरीनं नाल्यातून आणले होते. वर्गात कधी तोंड न उघडणारी ही पोर काल एकेका माशाचं नाव सांगत सुटली होती.

आता ती भिंतीला टेकून उभी होती. रडतही नव्हती.

"कोनं मारले, गुरुजी?" तिच्या वर्गातल्या करिश्मानं विचारलं.

"कोणी ते राहू दे. कशानं ते शोधू. पाणी कुठचं?"

"विहिरीचं."

"म्हणजे नळाच्या पाण्यातलं औषध नाही. सिमेंट?"

"ते तर तुमीच पानी बदलून बदलून किती दिवस भिजवलं!"

"ऊन?"

"इथी दिवसभर सावलीच राह्यते."

गुरुजी वाकले. कोपऱ्यात साबणासारखा फेस साचला होता. बोटावर घेऊन त्यांनी नाकाशी नेला. कडवट, तेलकट वास.

"मासे सोडायच्या आधी टाकी कोणी धुतली?"

"मी," बुधरी म्हणाली. "खूप घासली. साबन नाई लावला, गुरुजी. तुमी नाई म्हनलं होतं ना? घरून टोरीची ढेप आनली. माय त्यानंच माह्यं डोस्कं धुते."

मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरणारी ढेप. खरबरीत सिमेंटच्या भेगाभेगांत ती बसली असणार. साबण नको, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. मग कशानं घासायचं, ते सांगायचं राहून गेलं होतं.

"अवं, ढेप तर आमचा बा नाल्यात टाकते," करिश्मा म्हणाली, "मंग मासे आपोआप वर..."

"करिश्मा, बादली आण."

करिश्मा बघतच राहिली. गुरुजींनी आजवर कुणा पोराचं वाक्य मधेच तोडलं नव्हतं. ती बादलीकडे धावली.

बुधरीनं टाकीकडे पाहिलं. मग फेसाकडे. उजव्या हाताची बोटं तिनं हळूच नाकाशी नेली, आणि दोन्ही हात पाठीमागे लपवले.

गुरुजी तिच्यासमोर उकिडवे बसले. अंगणात पडलेल्या नारळाची शेंडी त्यांनी ओढून काढली, तिचा घासायला बोळा केला.

"टाकी यानं घासायची, हे सांगायचं माझंच राहिलं. हात पुढं कर."

तिनं मान हलवली. नाही.

गुरुजी बोळा धरून तसेच बसून राहिले. बादली आली, भरली, टाकी रिकामी होऊ लागली. बऱ्याच वेळानं एक हात पुढे आला.