हिमगिरी महाराजांची कडू विभूती

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात भरदुपारी मुंगी शिरायला जागा नव्हती. हिमगिरी महाराज जिभेवर विभूतीची चिमूट ठेवत आणि तासाभरात ताप पळे, आखडलेले गुडघे वळत. "हिमालय का बर्फ है, बेटा! बुखार पिघलेगा, डॉक्टर जलेगा!" इथल्या उन्हात बर्फ कागदी पुडीत कसा टिकतो, हे विचारायची कोणाची प्राज्ञा!

हेमांगीच्या मनात मात्र पाल चुकचुकत होती. दोन वर्षांपूर्वी तिने आपलं एक मूत्रपिंड लेकीला, गरिमाला दिलं होतं. तेव्हापासून नऊ वर्षांच्या या पोरीचा ताप आणि वजन ती रोज वहीत लिही. महिनाभर ताप हटेना, तेव्हा डॉक्टरांनी क्षयाच्या तपासण्या सांगितल्या. सासरे जयसिंहराव खोकत खोकत कडाडले होते, "आपल्या घरात टीबी? लोग क्या कहेंगे?" आणि नातीला महाराजांकडे घेऊन आले होते.

आज आठवा दिवस. ताप खरंच उतरला होता.

"आता तरी पटलं ना, सूनबाई?"

"आबासाहेब, ताप गेला, मग वजन दीड किलोनं का घटलं?"

महाराजांनी ऐकलं. "पाप गल रहा है, माई!"

नऊ वर्षांच्या पोरीचं पाप? हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रोज विभूती मधातून मिळे. आज मध संपला होता, म्हणून चिमूट कोरडीच पडली. गरिमाने तोंड वाकडं केलं. "आई, ये तो मेरी सुबहवाली गोळी है! तशीच कडू!"

गर्दी हसली, पण हेमांगी चपापली. शरीराने नवं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून गरिमा रोज सकाळी स्टेरॉइड घेई; ती चव तिच्याइतकी कोणाला ठाऊक? पुडी उचलून हेमांगीने थेट दवाखाना गाठला. जयसिंहराव धुसफुसत मागोमाग गेले.

चार दिवसांनी पुडीचे आणि गरिमाच्या तपासण्यांचे अहवाल आले. डॉक्टर मंजिरी म्हणाल्या, "राख नावाला. आत तापाची गोळी आणि स्टेरॉइड कुटलंय. त्यानं ताप दबला, क्षय नाही. हिची प्रतिकारशक्ती आम्ही औषधांनी आधीच कमी ठेवलेली, त्यात हे! जंतूंना रान मोकळं मिळालं. क्षय बरा होईल, वेळेत आलात. पण घरात कोणाला खोकला आहे?"

"आबांना," गरिमा म्हणाली. "कब से!"

जयसिंहरावांचा चेहरा पडला. त्यांच्या थुंकीतही क्षयाचे जंतू निघाले.

उपचार सुरू झाले. डॉक्टरांनी मोकळीक देताच तोंडाला फडकं बांधून ते खासगी बाजारात उभे राहिले. महाराजांनी हात उंचावला, "आओ, भक्त!"

"भक्त नाही," म्हातारा गर्दीकडे वळला. "मुझे टीबी है. लाजेपायी खोकला अंगावर काढला आणि टीबी माझ्या नातीला दिला. बाबांनो, पुडीत काय आहे ते आधी विचारा. आणि खोकला असेल, तर माझ्यासारखे इथे येऊ नका, दवाखान्यात जा."

रांगेतल्या एका बाईने पोराच्या तोंडापुढे आलेला महाराजांचा हात धरला आणि विचारलं, "इसमें क्या है?"