पंधरा आण्यांची साखळी

मी मोजणीची साखळी बोलतेय. गळ्यातली समजून हुरळू नका. मी जमिनीवर ओढली जाणारी. लांबी तेहतीस फूट. माझे सोळा भाग, त्यांना आणे म्हणतात, आणि दर आण्याला एक पितळी बिल्ला. साखळीभर लांब, साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा. अकोल्याच्या म्युनिसिपल कमिटीत आले तेव्हा मी सोळा आणे पूर्ण होते.

मोर्णा नदीच्या काठी माळ्यांचे भाजीचे मळे होते. वकील-व्यापाऱ्यांना बंगल्यांसाठी जागा हवी झाली आणि कमिटीचे मेंबर महादेवराव यांच्या डोळ्यांत मळे भरले. ठरलं असं की मळे घ्यायचे आणि माळ्यांच्या सोळा कुटुंबांना नव्या वस्तीत घरापुरता एकेक गुंठा द्यायचा. मळे घेताना मी पूर्ण होते, हे मुद्दाम सांगते.

गुंठे मोजून द्यायच्या आदल्या आठवड्यात माझी एक कडी तुटली. मोजणीदार शेषराव लोहाराकडे गेला नाही. त्याने माझा एक आणा काढून टाकला आणि टोकं वळवून जोडली. आळस म्हणावा, तर निघालेला बिल्ला त्याने खिशात का घातला? सोळा प्लॉट एका ओळीत पाडले. दर प्लॉटमागे एक आणा वाचला आणि ओळीच्या शेवटी, ऐन कोपऱ्यावर, अख्खा सतरावा प्लॉट उगवला. तो महादेवरावांच्या मेहुण्याला मिळाला. मी मुकाट्याने ओढतील तिकडे गेले. मला त्याची लाज वाटते.

जयवंताबाई त्या सोळांतली एक. नवरा गेलेला, दोन लेकी, डोक्यावर भाजीचं टोपलं. विटा जमेपर्यंत जागा पडीक ठेवणं तिच्या जिवाला सोसेना, म्हणून तिने वांगी लावली. मळ्यातला तिचा वाफा बरोबर एका साखळीचा होता. दोन-दोन हातांवर अकरा ओळी बसायच्या. इथे दहाच बसल्या. तिने पुन्हा हाताने मोजलं, मग थोरल्या लेकीकडून मोजवलं. दहाच.

शेजारच्या गोदाबाईची भिंत कमरेएवढी आली होती. ती म्हणाली, "जाऊ दे वं जयवंता. दोन फुटानं काय होते?"

"काहून जाऊ देऊ? मळा घेतला तवा त्यायनं दोन फूट सोडले का?"

आणि ती सरळ कमिटीत गेली. न्याय मागायला गेली हो, वेडी!

न्याय झालाही. नागपूरहून नवी साखळी मागवली, सोळाही प्लॉट मोजले, सोळाही आखूड भरले. सतरावा तेवढा पुरा भरला. मग महादेवरावांनी नियम काढला: एका साखळीहून आखूड जागेवर घर बांधता येत नाही. वर म्हणाले, कागदावर जागा पुरी होती, म्हणजे हद्दीचे दगड तुम्हीच हलवलेत. सोळाच्या सोळा प्लॉट रद्द झाले.

गोदाबाईची भिंत पाडायला माणसं आली, तेव्हा ती वीट उचलून जयवंताबाईवर धावली. "तुह्या ओळी मोजता मोजता आमाले उघड्यावर आनलं तुनं! मरून काहून नाई गेली?"

रेल्वेच्या मालधक्क्यामागे सगळ्यांनी पालं ठोकली. तिथे जयवंताबाईला कोणी एक हात जागा दिली नाही.

ती लेकींना घेऊन पुन्हा कमिटीत आली. "भाऊ, ते जुनी साखळी दाखवा मले. खोट तिच्यातच हाये."

शेषरावाने मला खुंटीवरून काढून तिच्यापुढे पसरलं. "मोज बाई. तूच मोज."

ती खाली बसली. मातीने भेगाळलेल्या बोटांनी एकेक बिल्ला धरून मोजत गेली. आता हिला कळणार, अशी मला आशा होती.

"पंधरा," ती म्हणाली.

"बरोबर," शेषराव म्हणाला. "साखळी पंधराचीच असते."

कचेरीत चार कारकून होते. चौघांनाही ठाऊक होतं. एकाने विडा जुळवला, बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

जयवंताबाईने हातातलं माझं टोक खाली ठेवलं. मग उठली आणि शेषरावाच्या पाया पडली. "चुकलं माह्यं, भाऊ. तुमच्यावर बालंट आनलं. दगड आमच्यातल्याच कोन्या मेल्यानं हलवले असतीन."

शेषरावाने मोठ्या मनाने तिला माफ केलं.

त्या ओळीत आता बंगले आहेत. मी कमिटीच्या खुंटीला गंजत लटकले आहे. मला मोजायला पुन्हा कोणी आलं नाही. जयवंताबाई लेकींना घेऊन चांदूर रेल्वेकडे गेली म्हणतात. तिकडे कोणाला भाजी विकताना भेटली, तर माझ्या वतीने तिला एवढं सांगा: बाई, तुझं काहीच चुकलं नव्हतं.