पद्मजाबाईंनी हाक मारली नाही

त्या वर्षी, म्हणजे १९९८ साली, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठच्या एका गावात पद्मजाबाई चौथीला शिकवत होत्या. त्यांची लेक अपर्णा त्यांच्याच वर्गात होती, आणि कालव्यापलीकडच्या तांड्यावरची दिपाही. मुख्याध्यापक राधाकृष्ण गुरुजींनी सतरा सप्टेंबरच्या मुक्तिदिनाच्या भाषणासाठी दोघींचं बोलणं ऐकून दिपाची निवड केली, त्या संध्याकाळी अपर्णा जेवायला बसेना.

"आई, ती माझ्याहून चांगलं बोलली का?"

बोलली होती. तेच बाईंना सलत होतं. पोळी लाटता लाटता त्या म्हणाल्या, "तांड्यावरच्यांना पुढं काढायचं खूळ आहे गुरुजींना. तिचे उच्चार तरी शुद्ध आहेत का?"

दुसऱ्या दिवसापासून दिपाचे उच्चार हा वर्गाचा खेळ झाला. ती वाचायला उठली की मागून कुणीतरी तिची नक्कल करी. 'लमाणीण' म्हणत पोरी तिच्याजवळून उठून जात. बाई फळ्यावर लिहीत राहत. दिपा रडत सांगायला आली, तेव्हा म्हणाल्या, "थट्टा करतात गं. इतकं मनावर घेऊ नये." पोरगीच हळवी आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूतही घातली.

मग दिपाची आई जिवनबाई शाळेत आली. "बाई, लेकरू झोपेत दचकून राहिलं. काहून छळून राहिल्या ह्या पोरी तिला?"

"लहानांच्या भांडणात मोठ्यांनी पडू नये, जिवनबाई."

मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, पोरींनी दिपाला हातपंपाच्या ओट्यावर गाठलं. बाई वर्गाच्या खिडकीत उभ्या होत्या. ओढाताण बराच वेळ चालली होती. एक हाक पुरली असती. पण उद्या ही बोलली नाही तर बरंच, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि तेवढ्यात अपर्णानं दिपाला ढकललं.

दिपाचा हात मोडला.

"ओट्यावर शेवाळ आहे, पाय घसरला असेल," गुरुजी म्हणाले. "प्रकरण वाढवायला नको. उद्या अपर्णा बोलेल."

घरी बाईंनी लेकीला दंडाला धरून विचारलं, "का ढकललंस तिला?"

अपर्णा गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिली. "तुलाही ती आवडत नव्हती ना?"

सकाळी झेंडावंदनाला गाव जमलं. दिपाचे वडील वसराम आणि जिवनबाईही गुरुजींना जाब विचारायला आले होते. अपर्णाचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा पद्मजाबाईच पुढे झाल्या.

"अपर्णा बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "दिपाचा पाय घसरला नव्हता. माझ्या मुलीनं तिला ढकललं. मी खिडकीतून बघत होते आणि गप्प राहिले. त्या पोरीचा मला हेवा वाटत होता."

गुरुजींनी मान खाली घातली. जिवनबाई मात्र पुढे आली.

"ढकलणारं लेकरू हाय, बाई. त्याला समज न्हाई म्हनून सोडून देऊ. तुमाला काय म्हनून सोडू?"

त्या दिवसापासून दर मधल्या सुट्टीत त्या मैदानात उभ्या राहू लागल्या. कुणी कुणाची नक्कल केली की तिथल्या तिथे थांबवू लागल्या. हात बरा झाल्यावर दिपा शाळेत आली. पुढेही तिला कधी कुणी चिडवलं, कधी पाटी लपवली. पण वर्ष सरेपर्यंत पद्मजाबाईंकडे तिनं एकही तक्रार नेली नाही.