अकरा नंबरचा पिवळा दिवा

मित्रांनो, मी एक जुना नेटवर्क स्विच आहे. चोवीस भोकांचा लोखंडी डबा. रुग्णालयात रक्त तपासायच्या खोलीतल्या कपाटात मला बसवलं होतं. प्रत्येक भोकात एकेका संगणकाची तार. ओळख पटल्याशिवाय कोणाला आत सोडायचं नाही, एवढंच मला शिकवलेलं. संगणक आणि वरच्या मजल्यावरचा सर्व्हर एकमेकांना आपापलं डिजिटल ओळखपत्र दाखवतात, आणि त्यांचे निरोप मी पोचवतो. दोघांचं जमलं की माझा दिवा हिरवा. नाही जमलं तर पिवळा, आणि दार बंद. नऊ वर्षं मी हे काम चोख केलं. "पठ्ठ्या कधी आजारी पडत नाही," असं नेटवर्कवाले काका कौतुकाने म्हणायचे.

एका सकाळी अकरा नंबरचा दिवा पिवळा झाला. ती तार खोलीत रक्त तपासणाऱ्या ताईंच्या संगणकाची. आदल्या दिवशी भिंतींना रंग देताना त्याचा प्लग काढला होता. त्याच्या पोटातला सेल कधीच संपलेला, त्यामुळे त्याचं घड्याळ पार मागे गेलं. सर्व्हरचं ओळखपत्र बघून तो म्हणाला, याची मुदत तर अजून सुरूच झालेली नाही, मी नाही मानत. हा निरोप माझ्याच हातून गेला. मला सगळं कळत होतं, पण बोलायला माझ्याकडे एक पिवळा दिवा तेवढा होता.

तिकडे शस्त्रक्रियेसाठी सहा वर्षांची एक मुलगी टेबलावर होती. तिला कोणतं रक्त चालेल, तो रिपोर्ट ताईंच्या संगणकात अडकला होता. आमच्याकडे रक्तगट तोंडी सांगत नाहीत आणि हाताने लिहिलेला कागदही घेत नाहीत. पूर्वी एकदा घोटाळा झाला होता. 'लवकर पाठवा' हा डॉक्टरांचा निरोप शेजारच्या संगणकाकडे सारखा माझ्यातूनच जात होता.

काका धावत आले. त्यांनी तार बदलली, भोक बदललं, मला बंद करून चालू केलं. दार तात्पुरतं उघडायचा पासवर्ड काकांच्या साहेबांकडे, आणि साहेबांचा फोन लागेना.

"काका, पोरीला टेबलावर घेतलंय हो!" ताई रडकुंडीला आल्या होत्या.

"मग मी काय झोपा काढतोय? हा डबाच गेलाय!"

मी गेलो नव्हतो हो! पण त्यांनी मला उपटून जमिनीवर ठेवलं आणि नवा स्विच बसवला. तिथेही अकरा नंबर पिवळाच. शेवटी ताईंची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली.

"अहो काका, ही तारीख बघा! तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं!"

काकांनी कपाळावर हात मारला. घड्याळ नीट झालं, दिवा हिरवा झाला आणि रिपोर्ट गेला. पन्नास मिनिटं उशिरा.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. पाठीवर 'खराब' अशी चिठ्ठी आहे. तिचं वाईट वाटतं, पण जिवाला खरी टोचणी दुसरीच आहे. माझ्यात आता एकही तार नाही, त्यामुळे कोणाचा निरोप येत नाही.

मित्रांनो, असा पिवळा दिवा कधी दिसला, तर आम्हाला उपटण्याआधी त्या संगणकाचं घड्याळ बघा. आणि त्या मुलीचं पुढे काय झालं हे कोणाला कळलं, तर या खोलीचं दार उघडून जरा मोठ्याने सांगा.