शेरभर कोंडा

माझं नाव कोंडू. माझ्या आधीची तीन पोरं गेली, म्हणून पाचवीला मला सुपात घालून भातकापणीला आलेल्या गीताबाईला दिलं. तिची चारही पोरं जगली होती, तिच्या नावावर मीही जगेन असा हिशोब. बाराव्या दिवशी बापाने शेरभर कोंडा देऊन मला परत विकत आणलं. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, ही गोष्ट वर्गात हसत हसत सांगितली.

त्या सुपात मी एकटा नव्हतो, हे आईने परवा सांगितलं. जुळी बहीण होती.

"पोरगी म्हणून कोण आणायला गेलं नाय. एकदा आण तिला."

आणखी शेरभर कोंडा घरात नव्हता का, असं मी विचारलं. नव्वदीच्या आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला तिची दया आली नाही.

गीताबाई म्हसा गावाकडची, एवढंच आईला ठाऊक. किन्हवलीहून निघालो, मुरबाडला एसटी बदलली, म्हशाला उतरून गीताबाईचं घर विचारत सुटलो. दुसऱ्याच पाड्यावर दुकानातल्या बाईने घर दाखवलं. "ती किन्हवलीवाली सकुबाई ना?" म्हणाली. साठ वर्षं तिथे राहून ती अजून आमच्याच गावची होती.

सकुबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. नाक माझंच. मी कोण, आईने धाडलंय ते सांगितलं, साडी आणि पेढे पुढे केले. तिने हात लावला नाही.

"कोंडा आणलास?"

मी हसलो, ती हसली नाही. न्यायला देणाऱ्यानेच यायचं, नाहीतर मूल जगत नाही, असा गीताबाईचा ठाम समज. आज ना उद्या नेतील म्हणून तिने हिला शाळेत घातलं नाही. स्थळं आली, तर आईबापाला न विचारता परक्याची लेक कशी देऊ म्हणाली. लग्नही राहिलं. आणि मी दारोदार फिरून लोकांच्या मुली शाळेत आणत होतो.

लाज गुंडाळून ठेवली आणि गिरणीतून शेरभर कोंडा आणला. आता चल, म्हटलं. सकुबाईने पिशवी घेतली आणि अंगणात रिकामी केली. कोंबड्या धावल्या.

"ज्या बाईला द्यायचा ती आठ वर्षांमागं मेली. मरेपर्यंत वाटेकडं बघत होती. तुझ्या म्हातारीला सांग, मला न्यायला अजून कोण आलं नाय."

मी मुरबाडच्या गाडीत बसलो. हे आईला मी शब्दन् शब्द सांगणार होतो.