उगवतीकडचे तीन झिरे

खडकीच्या झिऱ्याचं पाणी एका आठवड्यात दीड वीत वाढलं होतं. एप्रिल संपत आलेला, पावसाचा थेंब नाही, आणि पाणी वाढलेलं. पुष्पलताने तो आकडा दोनदा वाचला.

पुष्पलता मोखाड्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करायची. सूर्यमाळच्या पाड्यांवर अकरा झिरे होते, जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्याचे खड्डे. दर शुक्रवारी त्यांचं पाणी मोजून त्याची नोंद व्हायची. मोजायच्या त्या सूर्यमाळच्या जिजाबाय, साठीच्या आसपासच्या. खाचा पाडलेली काठी झिऱ्यात उभी करायच्या, किती विती भरलं ते बघायच्या आणि खाली येऊन आकडे स्वतःच कॉम्प्युटरवर टाकायच्या. त्यांना आकडे वाचता यायचे, अक्षरं नाही. म्हणून पुष्पलताने पाड्यांचा हाताने काढलेला नकाशा स्क्रीनवर मागे लावला होता आणि प्रत्येक झिऱ्याचा आयकॉन नकाशात त्या झिऱ्यावरच ठेवला होता. आयकॉनवर क्लिक केलं की तारखेचा आणि मापाचा रिकामा रकाना उघडायचा. जिजाबायला तेवढं पुरे होतं.

टँकर कुठल्या पाड्यांना लागेल त्याची यादी बुधवारी द्यायची होती. या आकड्याने खडकीचा पाडा यादीतून गळत होता. पुष्पलताने फोन उचलला, परत ठेवला. तिला ते पाणी डोळ्यांनी बघायचं होतं. सोमवारी दुपारच्या जीपने ती वर सूर्यमाळला गेली.

जिजाबाय तिला खडकीला घेऊन गेल्या. झिऱ्याच्या तळाशी चिखलाला भेगा पडल्या होत्या. एका कडेला ओल होती, पण तीत हात भिजेल एवढंही पाणी नव्हतं.

"इथे दोन विती पाणी आहे असं लिहिलंय," पुष्पलता म्हणाली.

"कोणी लिहिलं?"

"तुम्हीच. शुक्रवारी."

"मी शून्य टाकलं," त्या म्हणाल्या. "दोन विती उंबराच्या झिऱ्याला होत्या. तू आली नसतीस तरी उद्या मीच खाली आले असते. तू ते आयकॉन का सरकवलेस ते विचारायला."

"मी नाही सरकवले."

"मग कोणी?"

शुक्रवारी पुष्पलता बैठकीसाठी जव्हारला गेली होती. जिजाबायने शेजारच्या दुकानातून किल्ली घेऊन ऑफिस उघडलं होतं आणि एकट्यानेच आकडे टाकले होते.

मंगळवारी सकाळी दोघी स्क्रीनसमोर बसल्या. आठ आयकॉन आपापल्या झिऱ्यावर होते. उजव्या कडेचे तिघे, उंबर, खडकी आणि चोंढी, आपल्या जागा सोडून आत सरकले होते आणि एकाखाली एक उभे होते. शिवाय त्यांचा क्रमही बदलला होता. नकाशात उंबर वर आणि खडकी खाली होती, आता खडकी वर, उंबर तिच्याखाली.

"मला वाटलं, तू नकाशा आखडलास," जिजाबाय म्हणाल्या. "वरचा तो उंबर समजून दोन टाकले."

"चूक तुमची नाही. हे आधीही दोनदा झालंय. जानेवारीत आणि मार्चमध्ये. मी नुसते जागेवर ठेवले आणि विसरून गेले."

"दोन्ही वेळा हेच तिघं?"

पुष्पलताने आठवून पाहिलं. "हो. हेच."

"उगवतीकडचेच का पळतात? मावळतीचा एकही हलत नाही."

हा प्रश्न पुष्पलताला सुचलाच नव्हता. तिने जव्हारला धर्मेंद्रला फोन लावला. संस्थेचा कॉम्प्युटर तोच दुरुस्त करायचा.

"ऑटो अरेंज चालू असेल," धर्मेंद्र म्हणाला. "राइट क्लिक करून व्ह्यूमध्ये बघा."

"बंद आहे."

"मग सगळे हलले का?"

"नाही, फक्त उजव्या कडेचे तीन."

"म्हणजे मध्ये केव्हातरी स्क्रीन लहान झाली होती. कडेचे बाहेर पडायला लागले, म्हणून कॉम्प्युटरने त्यांना आत घेतलं. स्क्रीन परत मोठी झाली तरी ते तिथेच राहिले. पण लहान कशाने झाली? अपडेट कधी झालं?"

"गुरुवारी संध्याकाळी मीच लावलं. वेळ लागतो म्हणून मॉनिटरचं बटण बंद केलं आणि घरी गेले."

"आधीच्या दोन्ही वेळी?"

"तसंच."

"मग करून बघा. मॉनिटर बंद ठेवून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा."

पुष्पलताने आधी तिघांना त्यांच्या जागी ठेवलं, मोबाइलवर फोटो काढला, रीस्टार्टवर क्लिक केलं आणि मॉनिटर बंद केला. दोघी काळ्या काचेकडे बघत बसल्या. पाच मिनिटांनी पुष्पलताने बटण दाबलं. अक्षरं आधी मोठी, धुरकट आली, मग स्क्रीन एकदा लुकलुकली आणि नीट झाली.

तिघे आत येऊन एकाखाली एक उभे होते.

जिजाबाय हसल्या. "म्हणजे ह्याला समोर कोणी दिसलं नाही, तर हा घर लहान समजतो."

धर्मेंद्र फोनवरच होता. "मॉनिटर जुना, केबलही जुनी. बंद असला की कॉम्प्युटरला त्याची माहितीच मिळत नाही. मग तो आपल्या मनाने लहान माप धरतो. अपडेटचा दोष नाही, त्यानंतरच्या रीस्टार्टचा आहे. मॉनिटर चालू ठेवत जा. आणि आयकॉनच्या जागा लक्षात ठेवणारा एक छोटा प्रोग्राम पाठवतो. कधी हललेच तर एका क्लिकवर परत जातील."

पुष्पलताने दोन्ही आकडे दुरुस्त केले आणि खडकीच्या पाड्याचं नाव यादीत घातलं. तरी तिचं समाधान होईना. जागा हीच जिजाबायची अक्षरं होती, आणि जागा हलू शकत होत्या.

"प्रत्येक आयकॉनला वेगळं चित्र लावता येतं," ती म्हणाली. "कुठेही गेला तरी तुम्ही ओळखाल. उंबराला काय लावू? उंबराचं झाड?"

"उंबर दोन झिऱ्यांवर आहेत. तिथे खेकडा लाव. तिथले खेकडे मोठे असतात."

"आणि खडकीला?"

जिजाबायने विचार केला. "खडकीला पायऱ्या. माझ्या सासऱ्याने चार दगड टाकले होते उतरायला."

दहा चित्रं काढायला दुपार गेली. पुष्पलता कागदावर काढायची, जिजाबाय खाडाखोड करायला लावायच्या. खेकड्याचे पाय तीनदा पुसावे लागले. चोंढीला काय द्यावं हे मात्र ठरेना, कारण तिथे पाण्याशिवाय काहीच नव्हतं.

मे महिन्यात पुढचं अपडेट आलं तेव्हा जिजाबाय मुद्दाम थांबल्या. मॉनिटर चालू होता. टक्के चढताना त्या मोठ्याने वाचत होत्या, एकतीस, बत्तीस. चव्वेचाळीसवर ते बराच वेळ अडलं.

"आता आत काय चाललं असेल?" त्यांनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही," पुष्पलता म्हणाली.

"मग धर्मेंद्रला लाव फोन."

पुष्पलताने फोन लावला आणि स्पीकर चालू करून दोघींच्या मध्ये ठेवला.